जुगाऱ्याची कहाणी कोठून सुरू होते?

६ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या सांता आना येथील फेडरल न्यायालयाने इप्पेई मिझुहारा या चाळीस वर्षांच्या जपानी गृहस्थाला ५७ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा ठोठावली. आजच्या बेसबॉलमधील सर्वांत मोठा खेळाडू मानल्या जाणाऱ्या शोहेई ओहतानीचा हा दुभाषी. ओहतानीच्या बँक खात्यातून सुमारे एक कोटी ७० लाख डॉलर परस्पर काढून ते बेकायदा सट्ट्यात उधळल्याचे त्याने जून २०२४ मध्येच कबूल केले होते. गुन्हा घडला की नाही, यावर न्यायालयात वाद उरलाच नव्हता. वाद झाला तो वेगळ्या मुद्द्यावर. हा माणूस जुगारी झाला कसा, आणि केव्हा? शिक्षा सौम्य व्हावी म्हणून मिझुहाराने न्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रात आपली जीवनकहाणी मांडली आणि सरकारी वकिलांनी त्या कहाणीतील एकेक दावा पुराव्याच्या कसोटीवर घासून पाहिला.

खटल्यातील ही एक उपकथा वाटेल; पण तिचे मोल मोठे आहे. जुगारापायी घर बुडते तेव्हा पहिला प्रश्न असतो तो 'हा असा का झाला?' आणि त्याचे उत्तर बहुधा बालपणात शोधले जाते. बापाचा धाक, आईची माया नसणे, दारिद्र्य, वाईट संगत अशी ठरलेली कारणे पुढे येतात. त्यातले एखादे लागू पडले की सगळ्यांचे समाधान होते. न पडले तर 'आमच्या घरात असे कधी कोणी नव्हते' म्हणून सारे कपाळाला हात लावतात. मिझुहारा प्रकरणाची कागदपत्रे मात्र वेगळ्याच दिशेला बोट दाखवतात.

दोन देशांमधला माणूस

मिझुहाराचा जन्म १९८४ मध्ये जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावरील तोमाकोमाई या शहरात झाला. वडील व्यवसायाने स्वयंपाकी. १९९१ मध्ये हे कुटुंब कॅलिफोर्नियात आले आणि लॉस एंजलिसजवळच्या डायमंड बार या उपनगरात मुलाचे शिक्षण झाले. २००३ मध्ये तो शाळेतून बाहेर पडला. घरात जपानी, बाहेर इंग्रजी. अमेरिकेत वाढलेल्या हजारो स्थलांतरितांच्या मुलांसारखेच हे बालपण. ना दारिद्र्याची होरपळ, ना कुठली मोठी आपत्ती. परक्या देशात आलेल्या मुलाला दोन भाषा येतात. पुढे मिझुहाराचे पोट त्याच दोन भाषांवर चालले.

२०१३ मध्ये होक्काइडोच्या निप्पॉन-हॅम फायटर्स या संघात परदेशी खेळाडूंचा दुभाषी म्हणून त्याला काम मिळाले. अठरा वर्षांचा ओहतानी त्याच वर्षी त्या संघातून खेळू लागला होता. २०१७ च्या अखेरीस ओहतानी अमेरिकेतील एंजल्स संघाकडे गेला आणि २०१८ पासून मिझुहारा त्याची सावली झाला. बोलणे उलथवून सांगणे हा त्याच्या कामाचा केवळ एक भाग होता. गाडी चालवणे, वाणसामान आणणे, टपाल पाहणे, सरावात चेंडू झेलणे, सारे त्याच्याकडे आले. २०२१ च्या होमरन स्पर्धेत ओहतानीसाठी यष्टिरक्षकासारखा मागे बसलेला माणूस तोच. त्या वर्षाच्या अखेरीस मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे संघांच्या कर्मचाऱ्यांना खेळाडूंशी संपर्क ठेवण्यास बंदी झाली, तेव्हा ओहतानीबरोबर राहता यावे म्हणून त्याने काही काळ नोकरीचा राजीनामाही दिला होता.

या चरित्रात खटकणारी जागा एकच, आणि ती उघड झाली उशिरा. मिझुहारा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेचा पदवीधर असल्याचे सर्वत्र छापून येत असे. २०२४ मध्ये प्रकरण फुटल्यावर, अशा नावाच्या विद्यार्थ्याची नोंदच आपल्याकडे नाही, असे विद्यापीठाने सांगितले. स्वतःची कहाणी सोयीनुसार सांगण्याची सवय म्हणजे जुगाराचे व्यसन नव्हे. पण पुढे जे घडले त्यासाठी ही सवय फार कामी आली.

उधारीचे दार

२०२१ मध्ये सॅन दिएगोतील पोकरच्या एका बैठकीत त्याची एका बुकीशी ओळख झाली. सप्टेंबरपासून तो त्याच्यामार्फत खेळांवर पैजा लावू लागला. कॅलिफोर्नियात खेळांवरचा सट्टा बेकायदा होता आणि आजही आहे. बेकायदा बुकीचा एक 'गुण' मात्र कायदेशीर दुकानात नसतो. तो आधी पैसे मागत नाही. तो उधारी देतो. मिझुहाराला सुरुवातीला खिशातून काहीच काढावे लागले नाही; संकेतस्थळावर एक खाते आणि त्यावर उधारीची मर्यादा एवढेच मिळाले. मर्यादा संपली की बुकीला संदेश पाठवायचा, मर्यादा वाढवून घ्यायची, ही शेवटचीच वेळ म्हणायचे आणि पुन्हा खेळायचे. तपास यंत्रणांनी न्यायालयात सादर केलेल्या संदेशांत ही 'शेवटची वेळ' वारंवार भेटते.

आकडे पाहिले तर मन चक्रावते. डिसेंबर २०२१ ते जानेवारी २०२४ या काळात सुमारे १९ हजार पैजा, म्हणजे दिवसाला सरासरी पंचवीस. लहानात लहान पैज दहा डॉलरची, मोठ्यात मोठी सुमारे एक लाख ६० हजारांची. सरासरी १२ हजार ८०० डॉलर. जिंकलेली रक्कम १४ कोटी २० लाख डॉलरहून अधिक, हरलेली १८ कोटी २० लाखांहून अधिक. निव्वळ तोटा चार कोटींच्या घरात. चौदा कोटी डॉलर जिंकलेला माणूस कंगाल झाला, हे विधान विचित्र वाटते. पण जुगाराचे गणितच तसे आहे. जिंकलेला पैसा खिशात राहत नाही, तो पुढच्या डावाचे भांडवल होतो.

हा पैसा आला कोठून? २०१८ मध्ये ॲरिझोनात ओहतानीच्या पगारासाठी बँकेत खाते उघडले गेले, तेव्हा भाषेच्या अडचणीमुळे मिझुहारा बरोबर होता. पुढे त्याने त्या खात्याच्या संपर्काचे तपशील बदलून आपला दूरध्वनी जोडला आणि बँकेच्या फोनवर स्वतःच ओहतानी बनून बोलला. ओहतानीच्या हिशेबनिसांनी या खात्याची चौकशी केली की, ते खासगी आहे, इतरांनी पाहू नये अशी त्याची इच्छा आहे, असे हाच मधला माणूस सांगे. कुंपणच शेत खात होते. आणि शेताच्या मालकाला कुंपणाखेरीज दुसरी भाषाच नव्हती. जिंकलेली रक्कम ओहतानीच्या खात्यात कधी परतली नाही. दातांच्या उपचारासाठी ओहतानीने आपणहून देऊ केलेला ६० हजार डॉलरचा धनादेशही मिझुहाराने स्वतःच्या खात्यात भरला आणि दंतवैद्याचे बिल ओहतानीच्या डेबिट कार्डावर टाकले.

२० मार्च २०२४ रोजी सेऊलमध्ये डॉजर्स संघाचा हंगामातला पहिला सामना संपल्यावर मिझुहाराने खेळाडूंसमोर आपण जुगाराच्या आहारी गेल्याचे सांगितले. ते सारे इंग्रजीत होते. ओहतानीच्या म्हणण्यानुसार त्याला ते नीट कळलेही नाही; खरा प्रकार समजला तो नंतर, हॉटेलवर. त्याच्या वतीने ऐकणारा आणि त्याला समजावून सांगणारा माणूस त्या दिवशी समोर आरोपी म्हणून उभा होता. ओहतानीला यातले काही ठाऊक असल्याचा पुरावा तपासात आढळला नाही.

न्यायालयातले दोन भूतकाळ

आता त्या पत्राकडे वळू. मिझुहाराच्या म्हणण्याप्रमाणे त्याला तरुणपणापासून जुगाराचे व्यसन होते. पगार अपुरा होता, दिवसाचे चोवीस तास तो कामाला जुंपलेला असे, ओहतानीच्या घराजवळ राहण्याचे भाडे परवडत नव्हते. कर्ज वाढत गेले आणि सट्टा हाच सुटकेचा मार्ग वाटला. वाचणाऱ्याच्या मनात करुणा उपजावी अशी ही मांडणी होती.

सरकारी वकिलांनी तिला छेद दिला. देशभरातील तीसहून अधिक कॅसिनोंकडे चौकशी केली तेव्हा २००८ मधल्या एका शनिवार-रविवारी लास वेगासमध्ये खर्चलेले २०० डॉलर, एवढीच नोंद सापडली. पगार सुरुवातीची काही वर्षे ८५ हजार डॉलर होता, २०२४ मध्ये तो पाच लाखांवर गेला. चोरी सुरू झाली तेव्हा बँकेत त्याचे स्वतःचे पैसे शिल्लक होते. जानेवारी ते मार्च २०२४ मध्ये त्याने ओहतानीच्या पैशातून सुमारे सव्वातीन लाख डॉलरची बेसबॉल कार्डे घेतली, ती कुठल्या गरजेपोटी? न्यायाधीश जॉन होलकॉम्ब यांनीही पत्रातील विपर्यासावर बोट ठेवले आणि बचाव पक्षाने मागितलेल्या १८ महिन्यांऐवजी सरकार पक्षाने मागितलेली पूर्ण शिक्षा दिली. शिवाय ओहतानीला सुमारे एक कोटी ७० लाख आणि करखात्याला अकरा लाखांहून अधिक डॉलर भरण्याचा आदेश दिला.

म्हणजे व्यसन खोटे होते काय? येथेच बहुतेक वाचक घाईने निष्कर्ष काढतील. जुने व्यसन नव्हते, म्हणजे व्यसनच नव्हते, असा तो निष्कर्ष. तो चुकीचा आहे. दोन वर्षांत १९ हजार पैजा, सततची 'शेवटची' उधारी, गेलेले भरून काढण्यासाठी आणखी मोठी पैज, ही लक्षणे स्वतःच पुरेशी बोलकी आहेत. भूतकाळाविषयीचे दावे टिकले नाहीत, याचा अर्थ एवढाच की हा भूतकाळ पंचवीस वर्षांचा नसून अडीच वर्षांचा असावा.

बालपण की फासे?

मनोविकारशास्त्राला हे नवे नाही. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये अतिरेकी जुगाराला प्रथम आजाराचे स्थान दिले आणि २०१३ मध्ये त्याला दारू व अमली पदार्थांच्या व्यसनांच्या रांगेत बसवले. निदानासाठी नऊ लक्षणे ठरलेली आहेत आणि वर्षभरात त्यांतली चार आढळली तर निदान होते. अधिकाधिक रकमेची गरज भासणे, थांबण्याचे फसलेले प्रयत्न, हरलेले परत मिळवण्याचा हव्यास, लपवाछपवी, निभावण्यासाठी दुसऱ्याच्या पैशावर अवलंबून राहणे ही त्यांतली काही. या नऊपैकी एकही प्रश्न बालपणाविषयी नाही.

२००२ मध्ये ॲलेक्स ब्लाझचिन्स्की आणि लिया नाउअर या अभ्यासकांनी जुगारी होण्याच्या तीन वाटा मांडल्या. काही जण नैराश्य, चिंता किंवा बालपणीच्या आघातांतून सुटका शोधत येतात. काही जण स्वभावतःच उतावळे आणि बेबंद असतात. पण पहिली वाट यांपैकी कोणाचीच नाही. ती साध्या माणसांची आहे. त्यांच्या पूर्वायुष्यात विशेष काही बिघडलेले नसते. खेळ हाताशी येतो, अधूनमधून जिंकण्याची चव लागते, आणि खेळाची रचनाच सवय घडवते. सवय लागल्यावर नैराश्य, कर्ज आणि खोटेपणा मागाहून येतात. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तीच मूळ कारणे वाटतात.

कारण आणि परिणाम यांची ही गल्लत मोठमोठ्यांकडूनही झाली आहे. रशियन कादंबरीकार दस्तयेव्हस्की १८६० च्या दशकात युरोपातील रूलेच्या टेबलांवर वारंवार नागवला गेला. पुढे १९२८ मध्ये सिग्मंड फ्रॉइडने त्याच्या जुगाराची मुळे वडिलांविषयीच्या अपराधभावात शोधली. ते विवेचन वाचनीय आहे. पण १८७१ मध्ये दस्तयेव्हस्कीने जुगार कायमचा सोडला, हे त्यातून सहज उलगडत नाही. अपराधभाव तर तसाच राहिला असणार.

याउलट ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्त पाहावे. जुगाऱ्याचे जगातील अतिप्राचीन आत्मकथन म्हणावे असे ते आहे. दुरावलेली पत्नी, तिरस्कार करणारी सासू, 'हा आमचा कोणी नव्हे' म्हणणारे आईबाप आणि भाऊ, सारे त्यात आहेत. न खेळण्याचा निश्चय आहे आणि फासे पडल्याचा आवाज येताच विरघळणारा निश्चयही आहे. पण जुगाऱ्याच्या लहानपणाविषयी त्यात काही नाही. तो कवी पाहतो फाशांकडे, त्यांच्या ओढीकडे. आधुनिक संशोधन वळसा घालून बऱ्याच अंशी तेथेच पोहोचले आहे.

बालपणाचा काहीच संबंध नाही, असे मात्र कोणी समजू नये. घरातला जुगार, नैराश्य, उतावळा स्वभाव यांनी धोका वाढतो, हे मान्यच आहे. प्रश्न आहे तो पूर्वायुष्य म्हणजे नेमके काय, हा. मिझुहाराच्या पूर्वायुष्यातील निर्णायक गोष्टी मोजायच्या तर त्या अशा: मागताच वाढत गेलेली उधारी, चोवीस तास खिशात असलेला सट्ट्याचा अड्डा, दुसऱ्याच्या तिजोरीची एकट्याच्या हातातली किल्ली, आणि सारे लपवता येईल असे एकटेपण. यांपैकी एकही गोष्ट बालपणीची नाही. यांपैकी बहुतेक गोष्टी वेळीच कुणीतरी रोखू शकले असते. चोरीचा दोष त्याने हलका होत नाही. व्यसनात अडकलेले असंख्य लोक आपले घर बुडवतात, पण दुसऱ्याचा केसाने गळा कापत नाहीत.

बंदीने काय साधते?

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०२२ मध्ये खेळांवरील सट्ट्याला परवानगी देणारे दोन्ही प्रस्ताव फेटाळले. त्याच वर्षी मिझुहारा त्याच राज्यात रोज डझनावारी पैजा लावत होता. ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी, कारण भारताने ऑगस्ट २०२५ मध्ये नेमका बंदीचा मार्ग स्वीकारला. संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सर्व ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बेकायदा ठरवले. त्यांच्या जाहिराती आणि त्यांसाठीचे पैशांचे व्यवहारही रोखले. खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवलेले नाही. मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ लगोलग बंद केले आणि कायद्याला न्यायालयात आव्हानही मिळाले.

क्रिकेटपटूंच्या तोंडून दिवसरात्र कानी पडणारी आमंत्रणे थांबली, हे या कायद्याचे श्रेय मोठे आहे. साध्या माणसांची ती पहिली वाट बव्हंशी जाहिरातीतूनच सुरू होते. परंतु महाराष्ट्राचा अनुभव विसरता येणार नाही. जुगारबंदीचा मुंबई प्रांताचा कायदा १८८७ चा. आणि तो लागू असतानाच १९६० च्या दशकात याच शहरात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मटक्याचे साम्राज्य उभारले. कायद्याने दुकान बंद होते, गिऱ्हाईक नाहीसे होत नाही. ते मागच्या दाराने जाते. आणि मागच्या दारावर उधारी मिळते, पावती मिळत नाही, तक्रारही करता येत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या काळात तर ही उधारी बुकीकडेच मागावी लागते असेही नाही.

म्हणून बंदीच्या जोडीला दुसरे काम हवे, आणि ते घराघरातले व कार्यालयांतले आहे. एकाच माणसाच्या हाती पैशाची सारी सूत्रे असू नयेत. खात्याचे संदेश दोघांच्या फोनवर यावेत. 'हे खासगी आहे, तुम्ही पाहू नका' असे मधला माणूस सांगू लागला तर खातेदाराला थेट विचारावे. हा अविश्वास नव्हे, साधी व्यवहारदक्षता आहे. ओहतानीच्या भोवती वकील, हिशेबनीस, व्यवस्थापक अशी फौज होती. त्यांतल्या कोणी दुसऱ्या दुभाष्याला बरोबर घेऊन एकदा थेट त्याच्याशी बोलले असते, तर हा प्रकार वर्षानुवर्षे चालला नसता.

आणि घरातल्या कुणाचे पाऊल घसरल्याचे लक्षात आले, तर त्याच्या बालपणाची झाडाझडती घेण्याआधी गेल्या सहा महिन्यांचे बँकेचे उतारे पाहावेत. किती वेळा 'शेवटचे' पैसे मागितले गेले, ते मोजावे. त्याचे कर्ज गुपचूप फेडून टाकणे हा उपाय नव्हे. त्याने फक्त उधारीची मर्यादा वाढते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर मोफत चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. जुगाराच्या आजारावर समुपदेशनाने उपचार होतात आणि माणसे त्यातून बाहेर पडतात. ज्याची सवय अडीच वर्षांत जडली, त्याच्या साऱ्या जन्मावर ठपका ठेवल्याने काही साधत नाही. उधारी तोडणे आणि गुप्तता मोडणे, एवढी दोन कामे तरी त्याच आठवड्यात सुरू करता येतात.